जुन्या डब्याची घरघर

आमच्या सूनबाईचा चेहरा गावात फारसा कुणाला माहीत नाही, पण आवाज पोराटोरांना पाठ आहे. बसस्थानकावर "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हणणारी बाई होती ना, ती हीच. काचेच्या खोलीत बसून तिनं अख्ख्या गावाच्या गाड्या लावल्या आणि सोडल्या. चेंगराचेंगरीत लोक एकमेकांवर ओरडायचे, ड्रायव्हर-कंडक्टर हमरीतुमरीवर यायचे, पण हिचा आवाज कधी चढला नाही.

माझा लेक त्या आवाजापायी वाया गेला. कुठे जायचं नसताना स्थानकावर जाऊन बाकावर बसायचा. मला वाटायचं, नोकरीसाठी बाहेरगावी खेटे घालतोय बिचारा. शेवटी एकदा म्हटलं, "रोज जातोस, रोज येतोस, मग तिकीट कधी खिशात कसं सापडत नाही?" तर याचे कान लाल! पुढचं सांगायला नको. त्यानंतर ती गाडी थेट आमच्या घरी येऊन थांबली.

लग्न होऊन आली तरी सवय जाईना. "चहा टेबलावर लागलेला आहे, चहा टेबलावर लागलेला आहे," असं दोनदा सांगायची. मी खेकसायचे, "अगं, घर आहे का आगार?" मी तोंडाची फटकळ आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको.

मग स्थानकात यंत्र आलं. शब्दांचे तुकडे जोडून बोलणारं. गावांची नावं अशी घ्यायचं की ठिगळं लावल्यासारखी वाटायची. साहेबांनी सूनबाईला फुलं दिली, दोन शब्द बरे बोलले आणि तिकीटखिडकीवर बदली देऊ केली. तिनं ती घेतली नाही. राजीनामा देऊन घरी आली, चप्पल काढली आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, इतकी वर्षं बोलले," ती म्हणाली, "पण समोरून कधी कुणी ओ दिली नाही हो."

त्यानंतर ती गप्पगप्पच झाली. बोलणाऱ्या माणसानं गप्प बसणं म्हणजे घराला नुसती अवकळा. मी मुद्दाम भांडण उकरून काढायचे, तर "असू दे, आई" म्हणून सोडून द्यायची. सुनेशी भांडण्यातसुद्धा मजा राहिली नाही. मला तर बाई अगदी चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

ज्यांना दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी एक संस्था आहे. अभ्यासाची पुस्तकं कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेते, रेकॉर्ड करते आणि मुलांना देते. लेकानं कुठूनशी ती शोधून काढली. मानधन म्हणजे नावालाच, पण सूनबाईनं पहिलं पान वाचलं आणि तिच्या अंगात पुन्हा जीव आला. माझ्यासमोर आला, उगाच म्हणत नाही.

तिचं वाचलेलं ऐकणाऱ्यांमध्ये एक मुलगी होती, वकिलीची परीक्षा देणारी. आम्ही तिला वकीलबाईच म्हणायचो. हुशार आणि भारी चौकस. सूनबाईला फोन करायची, "ताई, ते तेराव्या कलमातलं वाक्य परत एकदा वाचून पाठवाल?" ही पण लगेच वाचायची. तिची शेवटची परीक्षा जवळ आली होती आणि करारांच्या कायद्याचं एक जाडजूड पुस्तक अजून अर्धं वाचायचं राहिलं होतं.

आता आमच्या घरातला स्टुडिओ ऐका. मागची छोटी खोली. कपाटाचं दार सताड उघडं, कारण कपडे आवाज पितात म्हणे. माइकवर माझा जुना लोकरीचा मोजा, 'प' आणि 'फ' म्हणताना फुसफुस होऊ नये म्हणून. दुपारी शेजारपाजार शांत झाला की आमची संचारबंदी सुरू. नळ बंद, घंटेची तार काढलेली, मिक्सरला हात लावायचा नाही, डोक्यावरचा पंखासुद्धा बंद. उन्हाळ्यात आम्ही दोघी घामानं निथळत कायदा शिकलोय.

आम्ही दोघी म्हणजे ती पुढे खुर्चीवर आणि मी मागे पलंगावर. मला ऐकायला फार आवडतं. लहानपणी आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावाच लागायचा. मध्येमध्ये कुणी "हं" म्हटलं नाही की सांगणारा गोष्ट थांबवायचा, "झोपलात वाटतं" म्हणून. ती सवय माझ्या हाडात मुरलेली. सूनबाई वाक्य संपवून श्वास घ्यायला थांबली की माझा हं ठरलेला. माझे कान हल्ली जरा मंद झालेत, त्यामुळे मला वाटायचं की मी मनातल्या मनातच म्हणतेय. आणि सूनबाईला त्याची इतकी सवय, की भिंतीवरच्या घड्याळासारखा तिला तो ऐकूच येईनासा झाला होता.

आणि मग तो कॉम्प्युटर. लेक ज्या गोदामात काम करतो तिथे मोडीत काढलेला, तो यानं घासाघीस करून घरी आणला. तेव्हाच त्याचं वय झालं होतं. चालू केला की सुरू होईपर्यंत माझा चहा पिऊन, कप विसळून व्हायचा. सुरू झाला की पोटात करकर आणि डोक्यात घरघर. वर्षावर्षाला ती वाढतच गेली. आम्ही चालवून घेत होतो, कारण नव्या कॉम्प्युटरचं नाव काढायची आमच्या खिशाची ऐपत नव्हती.

एक दिवस संस्थेतल्या साहेबांचा फोन आला. माणूस गोड बोलणारा.

"बाई, तुमच्या वाचनाला तोड नाही," ते म्हणाले, "पण मागे ते विमान कसलं उडत असतं?"

सूनबाई ओशाळून हसली. साहेब पुढे म्हणाले की आता पुस्तकं वाचणारं यंत्र निघालंय. त्याला ना घरघर, ना खोकला, ना सुट्ट्या. संस्थेनं ठरवलंय की यापुढे सगळं यंत्राकडूनच वाचून घ्यायचं. "तरी तुम्ही जुन्या आहात. पुढच्या आठवड्यापर्यंत एक स्वच्छ नमुना पाठवा. घरघर नसेल, तर तुमचं काम चालू ठेवता येतं का बघू. नाहीतर हे करारांचं पुस्तकसुद्धा उरलेलं यंत्रच वाचेल."

तिनं फोन ठेवला. चेहरा पांढराफटक.

"परत यंत्र, आई," ती म्हणाली. एवढंच.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एका बाईला एकाच आयुष्यात दोनदा यंत्रानं उठवायचं म्हणजे काय! पण साहेबांना चार शब्द सुनावून घरघर थांबणार नव्हती. तिचा बंदोबस्त करायला हवा होता आणि तोही जवळजवळ फुकटात.

तेव्हा आम्ही दोघींनी अक्कल चालवली. माझी एक जुनी रजई होती, कापसाची, चांगली जाडजूड. सूनबाईनं कॉम्प्युटरच्या डब्याची मापं घेतली आणि रजई कापून त्याला अंगाबरोबर बसेल असं झबलं शिवलं. वर झाकण, पुढे बटणापुरती खिडकी, तळाला नाडी. मी टीप मारली, तिनं काजं केली. डबा अगदी दुपट्यात गुंडाळलेल्या बाळासारखा दिसायला लागला. चालू केला आणि काय सांगू, घरघर निम्म्याहून कमी! आम्ही एकमेकींच्या हातावर टाळी दिली.

सूनबाई वाचायला बसली. करार मोडला तर काय होतं, ते प्रकरण होतं. "ज्या पक्षाचं नुकसान झालं असेल, तो पक्ष..." एवढं वाचलं आणि पडदा काळा. पाठोपाठ करपल्याचा वास. मला वाटलं, मी गॅसवर काही विसरले.

संध्याकाळी लेक आला, रजई काढली आणि त्यानं कपाळाला हात लावला. डब्यावर हात ठेवून बघितला, तो तसाच झटकला.

"अगं, आतली गरम हवा जायला जाळ्या असतात त्याला! सगळ्या बंद केल्यात तुम्ही. दोघींनी मिळून गळा दाबलात त्याचा."

"थंडी वाजेल म्हणून नाही घातली रजई," मी म्हटलं. "आवाज बंद करायचा होता."

"तो केलात की," लेक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डबा पिशवीत घालून आम्ही दोघी सुटेभाऊकडे. जिन्याखालच्या एवढ्याशा गाळ्यात याचं दुकान. भिंतीवर वायरी लोंबकळतायत, पेट्यांमधून जुने सुटे भाग भरलेत, म्हणून हा सुटेभाऊ. खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही कोण जाणे. त्यानं डब्याचे पत्रे खोलले आणि आत फुंकर मारली. मग तिघंही खोकत रस्त्यावर आलो.

"आजी, याला घरघर लागलीय," तो डोळे चोळत म्हणाला. "कशाला जीव अडकवताय? नवा घ्या. हप्त्यानं देतो."

"हप्त्यानं तर आम्ही सगळंच घेतो," मी म्हटलं. "हप्ता भरायला पगार कुणाकडून घ्यायचा तेवढं सांग."

सूनबाई डब्यात डोकावून बघत होती. तिनं शांतपणे विचारलं, "भाऊ, यातलं ओरडतं नेमकं काय, आणि नुसतं जुनं काय, ते सांगा. ओरडतं तेवढंच बदलू."

मग तो जरा रुळावर आला. करकर हार्डडिस्कची होती, कारण तिच्यात तबकडी फिरते. तिच्याऐवजी एक पातळ, लहानशी डिस्क मिळते. तिच्यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे आवाज नाही आणि चालू व्हायलाही झटपट. घरघर छोट्या पंख्याची होती. धुळीनं तो बुजून गेला होता आणि म्हणून जीव खाऊन पळत होता. सगळं साफ करायचं, पंख्याखालची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली होती ती नव्यानं लावायची आणि मोठा, सावकाश फिरणारा पंखा बसवायचा. शिवाय एक जुनी रॅम टाकली की अडखळणं बंद. डबा तोच, पडदा तोच, बाकी सगळं तेच. रजईनं काय जाळलं असेल याची मला धास्ती होती, पण सुटेभाऊ म्हणाला, डबा जळायच्या आधी आपणच बंद पडला. वास आला तो रजईच्या आतल्या कापसाचा. माझ्या जिवात जीव आला.

खर्च त्यानं सांगितला तेव्हा सूनबाईनं पर्समध्ये बघितलं आणि पर्स बंद केली. मला कळलं. तिच्या मानधनाचे पैसे वीजबिलात गेले होते.

"माझ्या कानाचे घाल यात," मी म्हटलं.

लेकानं माझ्या कानात घालायच्या यंत्रासाठी थोडे थोडे करून पैसे बाजूला काढले होते. सूनबाई एकदम उसळली, "काहीतरीच काय, आई! तुम्हाला ऐकू येत नाही."

"मला ऐकण्यासारखं या घरात एकच आहे. तेच बंद पडलं तर कानात यंत्र घालून काय कुकरच्या शिट्ट्या ऐकू?"

तिनं माझा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. सुटेभाऊ उगाचच स्क्रू शोधायला लागला.

तर ती रॅम. त्यानं पेटीतून एक पट्टी काढली, बसवायला गेला, तर तिची खाच जुळेना. उलटी करून बघितली, फुंकर मारून बघितली, दाबायला लागला तेव्हा मीच ओरडले, "अरे, मोडशील!" मग म्हणतो, "ही वेगळ्या जातीची निघाली. तुमच्या डब्याची जुनी जात, ती आता मिळत नाही. एक आहे माझ्याकडे, पण तिला जरा जास्त पडतील."

मी पदर खोचला आणि कोर्टात उभी राहिल्यासारखी अहो-जाहोवर आले. "मघाशी तुम्ही काय म्हणालात? 'या डब्यात चालेल अशी रॅम एवढ्याला देतो.' म्हणालात की नाही?"

"म्हणालो."

"मी काय म्हटलं? 'बरं, द्या.' प्रस्ताव तुमचा, स्वीकृती माझी, तीही विनाअट. करार झाला, भाऊ. आता तुम्हाला मागे फिरता येत नाही. फिरलात तर माझ्या नुकसानीची भरपाई तुमच्याकडे."

सुटेभाऊ हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच धरून बघत राहिला.

"आजी, वकिली केली होती का तुम्ही?"

"केली नाही. ऐकली."

रॅम ठरलेल्याच पैशांत मिळाली. वर त्यानं जुन्या डिस्कमधलं सगळं नवीत उतरवून दिलं आणि चहा पाजला. करार असावा तर असा.

घरी आणून जोडला, बटण दाबलं, तर काही आवाजच नाही. मी म्हटलं, फसवलं वाटतं मेल्यानं. पुन्हा बटण दाबलं. "आई!" सूनबाई ओरडली, "चालू झाला होता तो, तुम्ही बंद केलात!" मग तिनं लावला. मी चहा ठेवायला उठते आहे तोवर पडदा झळकलासुद्धा. डब्याला कान लावला तेव्हा कुठे बारीकशी झुळूक लागल्यासारखं वाटलं. सूनबाईनं लहान मुलीसारखी गिरकी घेतली. किती दिवसांनी तिला अशी बघितली मी.

साहेबांनी दिलेली मुदत संपत आली होती. तिनं लगेच प्रस्ताव आणि स्वीकृतीचं प्रकरण पुन्हा वाचलं, सुरुवातीचं थोडं ऐकून बघितलं, घरघर नाही म्हणून खूश झाली आणि नमुना पाठवून दिला. मी शेजारी दोन घरांत सांगूनही आले.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. आधी ते हसले, मग घसा साफ केला.

"बाई, विमान गेलं, अभिनंदन. पण आता मागे कुणीतरी बाई बसलीय. ती सारखी हं म्हणतेय."

आम्ही हेडफोन लावून ऐकलं. "एका पक्षानं प्रस्ताव मांडला पाहिजे." हं. "दुसऱ्या पक्षानं तो स्वीकारला पाहिजे." हंऽ. आणि भरपाईच्या वाक्याला तर चक्क, "अरे देवा!" इतकी वर्षं मला घरघरीनं झाकून ठेवलं होतं. ती गेली आणि मी उघडी पडले. लेक हसून हसून वाकला. सूनबाई हसली नाही आणि मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या कानाचे पैसे घातले ते माझ्याच तोंडानं वाया घालवले.

साहेब भला माणूस. म्हणाले, "अजून एकदा वाचा. पण नियम म्हणजे नियम, दुसरा आवाज नको."

मी स्वतःहून जिन्यात जाऊन बसले. सूनबाई "बसा हो आई, फक्त बोलू नका" म्हणत होती, पण माझाच माझ्यावर भरवसा नव्हता. तोंडावर पंजा ठेवला तरी हं निघेल. पायरीवर बसून मी जाणाऱ्या-येणाऱ्याला तोंडावर बोट ठेवून गप्प करत होते. दार उघडलं तेव्हा ती म्हणाली, "झालं." नेहमी वाचून झालं की तिला चहा लागतो. त्या दिवशी तिनं मागितला नाही.

मी तो नमुना ऐकला. शब्द सगळे जागच्या जागी. चूक काढायला जागा नाही. पण बाई गं, तो आमच्या मागच्या खोलीतला आवाज नव्हता. तो काचेच्या खोलीतला होता. कुणी ऐकतंय की नाही याची पर्वा सोडून दिलेला. मला कळलं, पण मी बोलले नाही. मुदत संपली होती आणि नमुना गेला होता.

साहेबांचा फोन आला तेव्हा मी सूनबाईजवळच होते. ते म्हणाले, नमुना अगदी स्वच्छ आहे. तुमचा एक आणि यंत्राचा एक असे दोन्ही मुलांना ऐकवले, कुठला कुणाचा ते न सांगता. "आणि गंमत बघा, ती तुमची वकिली शिकणारी मुलगी, ती तुमच्याच नमुन्याला म्हणाली, हा यंत्राचा. म्हणजे मुलांना काही फरक पडत नाही. मग उगाच तुम्हाला तरी त्रास कशाला?"

"बरं," सूनबाई म्हणाली.

तिनं कॉम्प्युटर बंद केला. कपाटातून ती रजईची खोळ काढली, डब्याला घातली आणि नाडी बांधली. मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली, घासलेलीच.

मला राहवेना. साहेब काय, यंत्र काय, सगळे गेले खड्ड्यात, पण त्या पोरीनं असं म्हणावं? मी सूनबाईचा फोन उचलला आणि वकीलबाईला लावला. मला नीट ऐकू येत नाही म्हणून माझा फोन नेहमी स्पीकरवर असतो, तसाच होता.

"काय गं," मी सुरुवातच केली, "इतकी वर्षं जिच्या आवाजावर शिकलीस, तिला यंत्र म्हणालीस? तिनं तुझ्यासाठी घसा कोरडा केला. एकेक कलम दोनदोनदा वाचलं!"

पलीकडून घाबरा आवाज आला, "म्हणजे... त्या ताई होत्या? आजारी आहेत का त्या?"

"आजारी नाही. धडधाकट आहे."

"मग..." ती थांबली. "आजी, तुम्ही एकदा हं म्हणा बरं."

"काय?"

"नुसतं हं म्हणा ना."

हिला काय झालंय, असं मनात म्हणत मी म्हटलं, "हं."

"तुम्हीच त्या!" ती एवढ्या जोरात ओरडली की फोन हातातून पडता पडता राहिला. "आजी, त्या घरघरीच्या मागे तुम्ही नेहमी असायचात. पहिल्या पुस्तकापासून. मागच्या थंडीत तुम्हाला खोकला झाला होता ना? घटस्फोटाच्या प्रकरणाला तुम्ही 'बरं झालं' म्हणाला होतात."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"मी खोलीत एकटीच असते, आजी," ती सांगत होती. "वाचणारी तर मला यंत्रंही मिळतील. पण तुम्ही हं म्हटलं की वाटतं, कुणीतरी माझ्याबरोबर अभ्यासाला बसलंय. मग मी पण हं म्हणते आणि मगच पुढे जाते. सरांनी ऐकवलं त्यात हं नव्हता. दोन्हींत नव्हता. त्यातला एक ताईंचा असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही हो."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि फटकळपणा कुठल्या कुठे पळाला. सूनबाई दारात उभी होती, साबणाचे हात तसेच पुढे धरून. ती हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

वकीलबाईनं साहेबांना काय सुनावलं ते तिलाच ठाऊक, पण त्यांचा फोन आला तेव्हा स्वर जरा नरम होता. "बाई, नियमात हं बसत नाही. पण जिच्यासाठी वाचायचं तीच मागतेय, तर मी काय करू? हे पुस्तक तुम्ही पुरं करा, तुमच्या त्या आजींसकट. पुढच्या पुस्तकांचं पुढे बघू, वचन देत नाही." पुढचं पुढे. निदान हे पुस्तक तरी आमचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळ बंद झाला, घंटेची तार निघाली. सूनबाईनं डब्याच्या नाडीची गाठ सोडली आणि खोळ माझ्या हातात दिली. म्हणाली, "पाठीला घ्या टेकायला." मी पलंगावर मागे सरकून बसले, जरा अंग चोरूनच. एकदा चोर ठरलेलं माणूस मोकळं बसत नाही.

तिनं माइकवर मोजा चढवला. मग माइकचा स्टँड उचलला आणि स्वतःपासून थोडा लांब, माझ्या बाजूला सरकवून ठेवला. पुस्तक उघडलं आणि त्या दिवशी अर्धवट राहिलेल्या वाक्यापासून सुरुवात केली.

"ज्या पक्षाचं नुकसान झालं असेल, तो पक्ष भरपाई मागू शकतो."

ती थांबली. माझा पंजा सवयीनं तोंडावर गेला होता, तो काढायला मला जरा वेळ लागला. तिनं वळून बघितलं नाही, पण पुढेही वाचलं नाही, तशीच थांबून राहिली.

"हं," मी म्हटलं.